मोटारीचे अस्तर

मुक्ताईनगर, म्हणजे जुने एदलाबाद, येथे धुळ्याहून नागपुराकडे जाणारा हमरस्ता व इंदुराहून बऱ्हाणपूरमार्गे खाली येणारा रस्ता एकत्र मिळतात. भुसावळास फुटणारे दोन लोहमार्ग या गावास दोन बाजूंनी टाळून गेले असल्यामुळे येथील दळणवळण प्रथम दमणीच्या, मग टांग्याच्या व शेवटी मोटारीच्या चाकावर चालले. वैशाखात या तापीकाठी पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरात जातो. उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीच्या गादीवर त्या वेळी पंचा पसरल्यावाचून कोणी बसत नाही. माणूस निदान सावली शोधतो. गाडीच्या आतील कातडे, कापड, सरस आणि शिवणीचा दोरा यांना ती सोय नाही. त्यामुळे जुन्या मोटारीचे यंत्र अद्याप धडधाकट आहे, पत्रा शाबूत आहे, आणि आतील अस्तराच्या मात्र चिंध्या झाल्या आहेत, असे दृश्य आपल्याकडे नेहमीचे होय. हे अस्तर पुन्हा चढवावयाचे म्हणजे नक्की काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर देण्यास मोटारीच्या जन्मापूर्वीच्या काळात जावे लागते.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, इंदुरास, महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) राज्य करीत होते. १९३५-३६ च्या सुमारास त्यांच्यासाठी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक स्पोर्ट्‌स मोटार सिद्ध झाली. तिचे यंत्र व सांगाडा अमेरिकेचा, परंतु अंग घडविले लंडनच्या गर्नी नटिंग या गाडीकारांनी. नारिंगी आणि काळा हे तिचे रंग आजही जाणत्यांच्या स्मरणात आहेत. आज मोटार कारखान्यातून संपूर्ण बाहेर पडते; त्या काळच्या श्रीमंती मोटारी मात्र अशाच दोन ठिकाणी जन्म घेत. गिऱ्हाईक उघडा सांगाडा विकत घेई आणि तो गाडीकाराच्या दारी नेऊन उभा करी. गाडीकार ॲश नावाच्या चिवट लाकडाची चौकट उभारी, तीवर पत्रा मढवी आणि अखेरीस गाडी गादीकाराच्या हवाली करी. लंडनच्या अशा पेढ्यांपैकी कित्येक पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधीत होत्या. घोडा गेला आणि यंत्र आले, पण दाभण, आरी, चुका, सरस, घोड्याचे केस व मेण लावलेला दोरा ही सामग्री जशीच्या तशी राहिली. आपल्याकडील टांग्याचा टप आणि गादी करणाऱ्याची हत्यारे पाहिली, तर त्यांतही फारसा फरक आढळत नाही. घोड्याच्या केसांच्या जागी काथ्या येतो, एवढेच.

महाराजांच्या मोटारी अर्थात् एकेका गिऱ्हाइकासाठी होत. मध्यम ऐपतीच्या हौशी माणसाला स्पोर्ट्‌स मोटार परवडू लागली ती एम. जी.सारख्या कंपन्यांमुळे. ऑक्सफर्डनजीक ॲबिंग्डन येथे १९२९ पासून या मोटारी बांधल्या जात. त्यांपैकी टी. सी. हा नमुना १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० निघाला. या छोट्या दोन आसनी गाडीत काटकसर कोठे करावयाची याचे उत्तम शास्त्र दिसते. जेथे अंग लागते तेथे खरे कातडे आणि जेथे केवळ दृष्टी लागते तेथे, म्हणजे आसनाच्या बाजूंना, दारांच्या आतील तक्त्यांना, कातड्यासारखे दिसणारे कापड. हेच ते रेक्झिन. घरोघरच्या खुर्च्या, प्रवासी पेट्या आणि शाळेची दप्तरे यांच्यामुळे हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे, की तो मँचेस्टरजवळील हाइड गावच्या एका कारखान्याच्या मालाचे नाव होते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

हे कापड होते तरी काय? १८४६ साली शोनबाइन या रसायनज्ञाने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून एक स्फोटक पदार्थ तयार केला. तोच बंदुकीचा कापूस. या जातीचा काहीसा सौम्य कापूस योग्य द्रवात विरघळविला की दाट खळीसारखा रस होतो. त्यात रंग मिसळावयाचा, मऊपणा यावा म्हणून एरंडेल घालावयाचे, आणि तो रस सुती कापडावर थरावर थर देऊन वाळवावयाचा. मग कातड्याची सुरकुती कोरलेल्या रुळांखालून ते कापड काढावयाचे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनी मूळची दारूगोळा करणारी. तिने १९१० साली फॅब्रिकॉइड नावाचे असे कापड करणारी कंपनी विकत घेतली, ती याच कापसाला शांततेच्या काळात काम मिळावे म्हणून. म्हणजे या नकली कातड्याच्या पाठीलाही कापूस आणि पोटालाही कापूस, आणि वर एरंडेलाचा हात! खानदेशच्या काळ्या रानात ही दोन्ही पिके शेजारी शेजारी उभी असतात. साहेबाच्या झोकदार मोटारीचे अस्तर आपल्या बांधावरच्या वनस्पतींच्या भावकीतले निघावे, हा योग मोठा गमतीचा खराच.

गंमत संपते ती उन्हाळ्यात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने एरंडेल थरातून हळूहळू बाहेर येते. प्रथम कापड चिकट लागते, मग ताठ होते आणि शेवटी घडीवर तडकते. कातड्याची तऱ्हा निराळी. कमावताना मुरविलेला स्निग्ध अंश उडून गेला की ते आकसते व शिवणीवर ताण येतो. पावसाळ्यात सुती दोरा ओल धरून कुजतो, सरस सुटतो आणि दाराचा तक्ता फुगून वाकडा होतो. चार महिने एक शत्रू आणि चार महिने दुसरा, अशा स्थितीत अस्तर चाळीस-पन्नास वर्षे टिकले तर ते कारागिराचे पुण्यच समजावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेक्झिनच्या जागी नवा पदार्थ आला. पॉलिव्हिनिल क्लोराइड हे मुळात ठिसूळ प्लास्टिक. त्याला मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील वाल्डो सेमन याने १९२६ मध्ये शोधली होती. याचा थर दिलेले कापड पाण्याला भीत नाही, साबणाने धुता येते आणि स्वस्तही पडते. महाराष्ट्रात भोर इंडस्ट्रीज या कंपनीने असे कापड पुष्कळ तयार केले. या कापडाच्या पोटी असलेला कच्चा प्लास्टिकचा पापुद्रा करपात्र माल आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि जो बाजारात विकला जाण्याजोगा नाही तो माल नव्हे, असा निकाल १९८९ मध्ये कंपनीच्या बाजूने लागला. कायद्याच्या पुस्तकात अमर झालेले असे अस्तर दुसरे क्वचितच सापडेल. परंतु नाव मात्र बदलले नाही. पदार्थ नवा, रसायन निराळे, तरी दुकानात गिऱ्हाईक मागते ते रेक्झिनच! येथेच घोटाळ्याचा उगम आहे. जुन्या मोटारीचा मालक रेक्झिन मागतो, दुकानदार रेक्झिन देतो, दोघेही प्रामाणिक असतात आणि मोटारीवर चढते ते तिच्या जन्मकाळी प्रचारातही नसलेले कापड. त्याची चकाकी अधिक आणि सुरकुती यंत्रासारखी एकसारखी असते. उन्हात त्याची तापण्याची रीतही वेगळी.

जाणता कुशनवाला प्रथम हात घालतो तो नव्या कापडाला नव्हे, जुन्या तुकड्याला. चुका एकेक करून उपटावयाच्या, शिवण उसवावयाची, ओढून फाडावयाची नाही. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर तो कोठला, डावा की उजवा, वरची कड कोणती, हे लिहून ठेवावयाचे. फाटके असले तरी हे जुने अस्तरच नव्याचा नकाशा असते. गोटाच्या आत दडलेल्या पट्टीवर मूळ रंग ताजा राहिलेला असतो, कारण तेथे ऊन पोचलेले नसते. शिवणीची भोके मोजली की एका इंचात किती टाके होते ते कळते. क्वचित दोन थर सापडतात, म्हणजे पूर्वीही कोणी तरी वरून मढविले होते. ज्याने हा तुकडा पाहण्याआधी केरात टाकला त्याने मोटारीचा दाखला फाडला असे समजावे. मग कितीही पैसा ओतला तरी पुढचे काम तर्कावर चालते.

पुढील काम कौशल्याचे आहे. कातडे सर्व ठिकाणी सारखे नसते. पाठीच्या कण्याजवळचे घट्ट व पोटाकडचे ढिले. आसनाच्या बैठकीस पोटाकडचे लावले की वर्षभरात झोळ पडतो. म्हणून मोठे व ताणाचे तुकडे कण्याच्या दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने कापतात. तक्त्यावर मढवावयाच्या कडा आतून तासून पातळ कराव्या लागतात, नाही तर कोपऱ्यात गाठोडे होते. बाहेरच्या वळणावर कापड जास्त होते, तेथे मागील बाजूस पाचरीच्या आकाराचे छेद घेऊन ते मावून घ्यावयाचे. आतल्या वळणावर ते कमी पडते, तेथे कडेला सरळ चिरा देऊन ते मोकळे करावयाचे. चिकटद्रव्य दोन्ही अंगांना लावून हाताला जेमतेम चिकटण्याइतके सुकू द्यावयाचे. घाई केली की पुढच्या उन्हाळ्यात फुगे दिसतात. ताण मध्यापासून कडेकडे द्यावयाचा, कडेपासून मध्याकडे कधीही नाही. फुगलेला तक्ता तसाच मढविला तर सारी मेहनत वाया. मूळ जाडीचा नवा प्लायवूड कापून खुंट्यांची भोके जुन्यावरून उतरवून घ्यावी लागतात.

याउपर सर्वांत मोठी अडचण कौशल्याची नसते, हौसेची असते. मालकाला वाटते, एवढा खर्च करावयाचा तर गाडी पूर्वीपेक्षा उंची दिसावी. जग्वारची एक्स. के. १२० ही प्रसिद्ध स्पोर्ट्‌स मोटार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दाखविली गेली. तिच्या उघड्या दोन आसनी नमुन्यात चालकापुढील फळा कातड्याने मढविलेला असे. अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा आला तो पुढच्या, बंद टपाच्या नमुन्यात. लाकूड अधिक राजेशाही म्हणून कोणी उघड्या गाडीला ते बसविले, तर गाडी श्रीमंत होत नाही, खोटी होते. टी. सी.च्या दारांना खरे कातडे लावणे ही त्याच जातीची चूक. मूळ कारागिराची काटकसर हाही इतिहासच आहे, आणि तो पुसण्याचा अधिकार पैशाने मिळत नाही.

या बाबतीत कायदा फारसे साहाय्य करीत नाही. भारत सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले व त्यांना ‘व्ही. ए.’ अक्षरांची क्रमांकमाला दिली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात वा यंत्रात भरीव फेरबदल झालेला नसावा, ही अट त्यात आहे. त्या यादीत अस्तराचे नाव नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये संमत केलेली ट्यूरिनची सनद मात्र अधिक सूक्ष्म बोलते. शक्य तेवढे मूळ राखावे, बदलावे लागले तर बदल ओळखू यावा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. आपल्याकडे ही नोंद ठेवण्याची चाल फार थोडी. बिल मिळाले तर मिळाले.

खानदेशच्या हवेत सनदेचे प्रत्येक कलम जसेच्या तसे पाळणे कठीण, हेही कबूल केले पाहिजे. सुती दोऱ्याऐवजी आत न दिसणाऱ्या शिवणीत नायलॉनचा दोरा वापरला, किंवा दाराच्या तक्त्याच्या पाठीस ओल न धरणारा लेप दिला, तर गाडीचा अपमान होत नाही. उलट पुढच्या दोन पावसाळ्यांत उसवण टळते. जे डोळ्यांना व हाताला लागते ते मूळच्या जातीचे असावे आणि जे आत झाकलेले आहे ते टिकाऊ असावे, ही तडजोड वाजवी होय. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी आजोबांची अशी एखादी मोटार गोणपाटाखाली उभी असेल, त्यांनी कुशनवाल्याला बोलावण्यापूर्वी आसनांची व दारांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि काम झाल्यावर जुन्या अस्तराचा वीतभर तुकडा, त्यावर साल लिहून, कागदाच्या पाकिटात घालून चालकाच्या आसनाखाली ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. तेथे घाम धरतो.