भोपळ्याच्या वेलाखालचे तण

'नको तिथे उगवलेली वनस्पती म्हणजे तण' ही व्याख्या आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. भोपळ्याच्या बाबतीत मात्र तिच्यापाशी जरा थांबावे लागते. आपला लाल भोपळा ज्या कुकुर्बिटा प्रजातीतला, तिच्या रानटी वेली अमेरिकेत नदीकाठच्या उकरलेल्या, वाहून आलेल्या गाळात आपोआप माजत. फळे लहान, कवच टणक आणि चव कडूजहर. आर्कान्सासमधल्या कापूस-सोयाबीनच्या शेतांत असा रानवेल आजही शेतकऱ्याला छळतो. म्हणजे भोपळ्याचे भाईबंद तणच होत!

या तणाला माणसाने जवळ केले त्याला फार काळ लोटला. मेक्सिकोतील ओआहाका भागात ग्विला नाकित्झ नावाची गुहा आहे. तिथल्या बियांचे वय ब्रूस स्मिथ यांनी नव्याने मोजून १९९७ साली प्रसिद्ध केले. लागवडीच्या भोपळ्याची लक्षणे दाखवणाऱ्या त्यांतल्या सर्वांत जुन्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या निघाल्या. त्याच गुहेतल्या मक्याच्या कणसांपेक्षा त्या कितीतरी जुन्या आहेत. मका आणि घेवडा भोपळ्याच्या सोबतीला नंतर आले. उत्तर अमेरिकेतील इरोक्वा लोक या तिघांना 'तीन बहिणी' म्हणतात. मका उभा राहतो, घेवडा त्याच्यावर चढतो आणि भोपळा जमीन झाकतो.

जमीन झाकण्याने नेमके काय होते? सावलीने तणाची वाढ खुंटते हे तर खरेच, पण गोष्ट बी उगवण्याच्या आधीच सुरू होते. बऱ्याच तणांचे बी बारीक असते, त्यात शिदोरी थोडी. अशा बियांतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य प्रकाशाची जात ओळखते. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश खाली जाऊ देते. पानाखालच्या मातीत त्यामुळे अतिलाल प्रकाशाचे प्रमाण वाढते. बियाला 'वर कोणीतरी आहे' एवढा निरोप पुरतो, आणि ते गप्प पडून राहते.

अडचण एवढीच, की वेल पसरायला वेळ लागतो. भोपळ्याच्या आळ्यांमध्ये भरपूर अंतर सोडावे लागते आणि पहिले चार-सहा आठवडे ती जमीन उघडी असते. तण येते ते तेव्हाच. एकदा वेल पसरला की त्यात पाय टाकायची सोय नाही आणि खुरपे चालवायचीही नाही. भोपळ्याच्या निंदणीचा सगळा इतिहास या चार-सहा आठवड्यांचा आहे.

त्या इतिहासाचा एक चांगला साक्षीदार आपल्याला मिळाला आहे. मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा जमातीत सुमारे १८३९ साली जन्मलेल्या 'बफेलो बर्ड वुमन' या बाईंनी आपल्या शेतीची बारीकसारीक हकिकत गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला सांगितली. ती १९१७ साली ग्रंथरूपाने आली. शेती बायकांची होती. बाईंच्या लहानपणी लोखंडी कुदळी आलेल्या होत्या, पण त्यांची आजी गव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळच वापरी. भोपळ्याचे बी त्या ओल्या गवतपाल्यात गुंडाळून, उबेला ठेवून, मोड आणूनच लावत. तणाशी शर्यत लावायची तर चार दिवस आधी निघालेले बरे, असे मला यात दिसते.

बाईंचे आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. शेतात घोड्यांची लीद पडली की पुढच्या वर्षी तिथे तण माजते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून हिदात्सा बायका लीद वेचून शेताबाहेर टाकत. गोऱ्यांबरोबर नवनवी तणे आली आणि शेत स्वच्छ ठेवणे पूर्वीपेक्षा अवघड झाले, अशी त्यांची तक्रार होती. अनेक तणांचे बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते, हे आज आपण जाणतो. खत चांगले कुजवावे ते यासाठीही, कारण खड्ड्यातल्या उष्णतेने यातले बरेच बी मरते. बाईंचा कयास बरोबर होता. खत वाया गेले ही गोष्ट वेगळी.

या तीन बहिणींची खरी ताटातूट रसायनाने केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडलेले २,४-डी हे तणनाशक १९४५ साली अमेरिकेत बाजारात आले. वनस्पतींच्या ऑक्सिन या संप्रेरकाची ते नक्कल करते. त्याने रुंद पानांची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात आणि गवतवर्गीय पिके बहुधा तगतात. मका गवतवर्गीय, तेव्हा तो वाचला. भोपळा आणि घेवडा रुंद पानांचे! त्यानंतर १९५० च्या दशकाअखेर अॅट्राझिन आले. मका आपल्या शरीरात त्याची विषबाधा निकामी करतो, भोपळ्याला ते जमत नाही, आणि जमिनीत उरलेला अंश पुढच्या हंगामातल्या भोपळ्यालाही बाधू शकतो. ज्याने तण दाबायचे, तोच फवारणीच्या हिशेबात तण ठरला. आपल्याकडेही मक्यात अॅट्राझिन वापरले जाते. अशा शेतात भोपळ्याचे आळे करायचे म्हटले तर हीच अडचण आडवी येते.

भोपळा मग एकट्याने, स्वतंत्र पीक म्हणून वाढू लागला, आणि उघड्या जमिनीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. भोपळ्याला चालतील अशी तणनाशके आहेत, पण थोडी, आणि रुंद पानांच्या तणांपुढे तीही अपुरी पडतात. काही अमेरिकी शेतकरी वेगळी युक्ती करतात. राय हे तृणधान्य आधी पेरायचे, ते फुलोऱ्यावर आले की जड रूळ फिरवून आडवे पाडायचे आणि त्या वाळत्या गादीत भोपळा लावायचा. वेल पसरेपर्यंत जमीन त्या काडाने झाकलेली राहते. काडातून डोके काढणारे तण मात्र हातानेच उपटावे लागते.