घरचा सामायिक प्रिंटर का अडतो?

एका संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर घरातील इतर संगणकांनाही वापरता यावा, ही सोय विंडोजमध्ये फार पूर्वीपासून आहे. प्रिंटर ज्याला जोडलेला आहे तो यजमान संगणक; इतर संगणक छपाईचे काम त्याच्याकडे सोपवतात. त्यामुळे छपाई अडली, की दोष प्रिंटरचा, यजमानाचा की मधल्या नेटवर्कचा, हे आधी ठरवावे लागते. यजमानावरून चाचणी पान छापून पाहावे. तेथेच ते उमटले नाही, तर नेटवर्कला बोल लावण्यात अर्थ नाही. यजमान संगणक 'स्लीप'मध्ये गेला असेल, तरीही इतरांना प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. ही साधी बाब अनेकदा नजरेतून सुटते.

दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर आहेत ना, हेही तपासावे. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' नेटवर्क अनेक राउटर वेगळे ठेवतात. राउटर बदलला की विंडोज ते नवे नेटवर्क समजते आणि त्याची नोंद 'पब्लिक' अशी होऊ शकते. अशा नेटवर्कवर फायरवॉल शेअरिंगची दारे बंद ठेवते. घरच्या वाय-फायसाठी यजमानावर 'प्रायव्हेट' हा पर्याय निवडून 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' सुरू करावे. जुन्या मार्गदर्शिकांतील 'होमग्रुप' मात्र शोधत बसू नये. मायक्रोसॉफ्टने ही सुविधा २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकली.

यानंतर दुसऱ्या संगणकावर 'रन'च्या चौकटीत दोन बॅकस्लॅश व त्यांना लागून यजमानाचे नाव टाइप करावे. नावाने काही सापडले नाही, पण आयपी पत्त्याने सापडले, तर अडचण केवळ नाव ओळखण्याची आहे. पासवर्ड विचारला गेला, तर तेथे रोजचा चार आकडी पिन चालत नाही. यजमानावरील खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून सहसा प्रवेश देत नाही. पासवर्डची अट काढून टाकण्यापेक्षा यजमानावर छपाईपुरते एक साधे, मर्यादित अधिकारांचे खाते उघडणे चांगले.

खरा पेच ११बी या अक्षरांनी संपणाऱ्या त्रुटीचा आहे. २०२१ च्या जुलैमध्ये छपाईची कामे सांभाळणाऱ्या 'प्रिंट स्पूलर'मधील 'प्रिंटनाइटमेअर' नावाचा गंभीर दोष उघड झाला. त्यातून परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकत होता. त्या वर्षी स्पूलरचे नियम एकामागोमाग एक कडक झाले. ऑगस्टपासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आवश्यक ठरले; मुलांच्या खात्यातून प्रिंटर जोडताना पासवर्ड मागितला जातो तो यामुळेच. सप्टेंबरच्या अपडेटने दोन संगणकांमधील छपाईच्या संदेशांना अधिक कडक संरक्षण सक्तीचे केले आणि अनेकांचे सुरळीत चाललेले शेअरिंग एकाएकी थांबले.

यावर अपडेट काढून टाकावे किंवा रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करावी, असे उपाय सर्रास सांगितले जातात. छपाई त्याने सुरू होतेही. परंतु रजिस्ट्रीतील ती नोंद शून्य केली, की सक्तीचे संरक्षण उठते. अपडेट काढले, तर त्यासोबत आलेल्या इतर दुरुस्त्याही जातात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, तेथे चार पानांच्या छपाईसाठी हा सौदा महागाचा आहे. आधी दोन्ही संगणकांवरील सर्व अपडेट पूर्ण करावेत. त्यांपैकी एकावर विंडोज ७ असेल, तर त्याचा नियमित पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. अशा संगणकासाठी शेअरिंगचा हट्ट सोडून पीडीएफ पेन ड्राइव्हवर नेणे बरे. विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय किंवा लॅनचे बूड असेल, तर तो थेट राउटरला जोडावा. मग यजमान संगणकाची गरजच उरत नाही. मात्र वीज जाऊन आली की प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळण्याची शक्यता असते आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कामे पाठवत राहतो. यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी.