रानाची खबर कोणाची?

खानदेशच्या इतिहासात शिकारीचे एक प्रकरण आहे, आणि ते आजवर साहेबाच्याच बाजूने सांगितले गेले आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. डोंगरातले भिल्ल मात्र केवळ बंदुकीला दबेनात. तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अंमलदाराने धरणगावी भिल्ल पलटण उभारावयास घेतली. औट्रम हा पट्टीचा शिकारी. भिल्लांबरोबर वाघाच्या मागे हिंडून त्याने त्यांचा विश्वास संपादन केला, असे इतिहासकार लिहितात. ते खरेच आहे. पण वाघ कोठे आहे, हे साहेबाला कोण सांगत होते? आमचा विषय तोच.

शिकारीला निघालेला वाघ आवाज करीत नाही. त्याची खबर रान देते. वाघ दिसला किंवा त्याचा वास आला की सांबर शेपटी उभारते, पुढचा पाय आपटते आणि घंटेवर टोला पडावा तसे खणखणीत ओरडते. चितळाचा स्वर बारीक व तीक्ष्ण. पण ते भित्रे, साधे कुत्रे दिसले तरी ओरडेल. भेकर भुंकते. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखा आवाज काढते. जाणता माणूस एकाच हाकेवर विसंबत नाही. चितळ ओरडले तर तो कान देतो. सांबराने दुजोरा दिला तर उठतो. हाका नाल्याच्या कडेने पुढे सरकू लागल्या, तर वाघ चालता आहे. एकाच जागी राहिल्या, तर तो थबकला आहे.

लंकेतले इंग्रज शिकारी सांबरालाच ‘एल्क’ म्हणत. अमेरिकेतला एल्क वेगळा. तेथे माजाच्या दिवसांत नराच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावतात. आमच्याकडे मात्र सांबराच्या हाकेचा अर्थ लावून वाघ शोधीत. म्हणजे येथे तोंडापेक्षा कानाचे काम मोठे.

गिरणीतला जुना विणकर मागाच्या खडखडाटावरून बिघाड ओळखी. ते ज्ञान शाळेतले नव्हते. ते मजुरीतून आलेले ज्ञान होते. भिल्लाचा कानही तसाच. मजुरांचा हिशेब मांडताना आम्ही हात मोजले, पुष्कळदा कान मोजायचे राहिले. शिकारीच्या पुस्तकांत वाघ मारणाऱ्याचे नाव आले. रान वाचणारा ‘एक भिल्ल’ म्हणून उरला.

पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली आली. ज्याच्या कानावर साहेबाची शिकार चाले, तोच आपल्या रानात परवानगीचा धनी नसलेला ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीवर बंदी घातली, आणि ते योग्यच झाले. यावलचे अभयारण्य १९६९ चे. शिकार संपली म्हणून हाकेचा अर्थ संपला नाही. जी हाक वाघ मारण्यासाठी ऐकली जाई, तीच आज वाघ राखण्यासाठी ऐकावयाची आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. जैवविविधतेसंबंधीच्या पारंपरिक ज्ञानावर वननिवासी समाजाचा सामूहिक हक्क आहे, हे त्याने मान्य केले. तेव्हा यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतल्या वृद्धांकडून हे ज्ञान त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी टिपून घेतले पाहिजे, व रानराखणीच्या कामात त्याला मजुरीचा दर मिळाला पाहिजे. हक्क कागदावर आला आहे. आता तो हजेरीपटावर यावयास हवा.