आईच्या मांडीवरची शाळा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण माता वही घेऊन आमच्या कचेरीत आली. आपल्या चार वर्षांच्या मुलाला बालवर्गात न धाडता आणखी दोन वर्षे घरीच शिकवावयाचे, असे तिने व तिच्या यजमानांनी ठरविले होते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या तिच्या बहिणीकडे तसाच क्रम आहे. तिला आमच्याकडून वर्षाचे वेळापत्रक हवे होते. कोणत्या महिन्यात कोणती प्रार्थना, बायबलमधील कोणती कथा, अक्षरे किती, अंक किती. "फादर, रोज किती वेळ बसवू त्याला?" हा तिचा शेवटचा प्रश्न. आम्ही वही ठेवून घेतली आणि तिला पुढच्या महिन्यात यावयास सांगितले.

खरे सांगावयाचे तर या बाबतीत सल्ला देण्यास आम्ही फारसे पात्र नाही. पूर्वी एका धर्मग्रामात असताना शाळेचे व्यवस्थापक या नात्याने तीन-साडेतीन वर्षांच्या बालकांच्या मुलाखती आम्ही घेतल्या आहेत. एका मुलापुढे सफरचंदाचे चित्र धरून आम्ही इंग्रजीत विचारले, हे काय? मूल गप्प. रंग विचारला, तरी गप्प. मात्र खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला खंड्या दिसताच ते आपल्या वाडीच्या बोलीत भडाभडा बोलू लागले. त्यांच्या बावखलावर हाच पक्षी रोज येतो, कालच त्याने मासा उचलला, त्याचे बीळ काठावरच्या मातीत आहे. आम्ही ऐकले, हसलो, आणि कागदावर 'पुढील वर्षी आणावे' असा शेरा मारला. त्या शेऱ्याची आठवण आजही सुखाची नाही.

वहीच्या निमित्ताने आम्ही एक जुने पुस्तक पुन्हा उघडले. सेमिनरीत असताना शिक्षणाच्या इतिहासाच्या टिपणांत कोमेनियस हे नाव आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्यांचे 'बालपणाची शाळा' हे छोटे पुस्तक संपूर्ण वाचण्याचा योग आला तो आता. घरी, प्रार्थनेच्या वातावरणात, बळजबरी न करता लहान मुलांना शिकवावे, हा विचार आजच्या अमेरिकेत नव्याने जन्मला अशी कोणाची समजूत असेल, तर ती या पुस्तकाने दूर होते.

यान आमोस कोमेनियस यांचा जन्म १५९२ साली मोराव्हियात झाला. बारा वर्षांचे असतानाच ते पोरके झाले. पालकत्व पत्करलेल्यांनी शिक्षणाची हेळसांड केल्यामुळे लॅटिन शिकावयास त्यांना सोळावे वर्ष उजाडले. १६१६ साली 'बंधुमंडळी' या प्रॉटेस्टंट पंथात त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. (त्याच वर्षी इकडे राचोलला फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले. लोकांना श्रद्धा त्यांच्याच भाषेत द्यावी, ही तळमळ दोघांचीही. पण दोघांना एकमेकांची वार्ताही नसावी.) १६२० साली प्रागजवळच्या लढाईत कॅथलिक सम्राटाचा जय झाला आणि या मंडळीचे दिवस फिरले. कोमेनियस परागंदा झाले. १६२२ च्या सुमारास प्लेगाने त्यांची पत्नी व दोन्ही लेकरे नेली. १६२८ मध्ये मायभूमी कायमची सोडून ते पोलंडमधील लेश्नो गावी आले. १६५६ साली तेही गाव पोलिश सैन्याने जाळले. स्वीडनच्या राजाची स्तुती लिहून त्यांनी हा रोष काही अंशी ओढवून घेतला होता, हे मान्य. परंतु चेक भाषेच्या कोशासाठी चाळीस वर्षे केलेली मेहनत त्या आगीत गेली. १६७० साली हॉलंडमध्ये त्यांना मृत्यू आला.

हे वाचताना कॅथलिक धर्मगुरूला मान खाली घालावी लागते. ज्याच्याकडून आज आम्ही आमच्या लेकरांसाठी काही मागावयास निघालो, त्याला देशोधडीस लावणारे हात आमच्याच बाजूचे होते. २१ मे १९९५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिकेतरांवर झालेल्या अन्यायाबद्दल सर्व कॅथलिकांच्या वतीने क्षमा मागितली. त्यामुळे हे पुस्तक उघडताना आमचा संकोच थोडा कमी होतो, इतकेच.

पुस्तक लेश्नोच्या वनवासात लिहिले गेले, तेही मायबोली चेकमध्ये. १६३३ साली त्याची जर्मन आवृत्ती निघाली. मूळ चेक छापून निघावयास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. कोमेनियस यांनी माणसाच्या शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे कल्पिले होते. त्यांतील पहिली शाळा म्हणजे आईची मांडी. सहा वर्षांपूर्वी मुलाला घराबाहेरच्या शाळेत घालू नये, कारण मेंदू तोवर बळकट झालेला नसतो आणि खेळता खेळता आपोआप येईल तेवढेच त्या वयाला पुरे, असे त्यांचे सांगणे. कोवळे रोप घाईने उपटून दुसरीकडे लावले तर काय होते, हे आपल्या वाडीवाल्यांना पुस्तकातून शिकावयास नको.

याचा अर्थ मूल सहा वर्षे काही शिकतच नाही असा नव्हे. आम्हांला सर्वांत मौज वाटली ती येथे. सर्व शास्त्रांची मुळे पाळण्यातच रुजतात असे हा विद्वान मानतो. मुलाला आपली खोली, अंगण, गल्ली, शेत ओळखता येऊ लागले की त्याचा भूगोल सुरू झाला. काल काय झाले, आज काय, हे सांगता आले की इतिहास सुरू झाला. सूर्य, चंद्र, तारे नावाने ओळखणे हे ज्योतिष, लांब-आखूड व गोल समजणे ही भूमिती. घरातल्या माणसांची नावे आणि कोणते भांडे कशासाठी, हे कळणे म्हणजे गृहव्यवस्था. बावखलावरच्या खंड्याचे बीळ सांगणारे ते मूल कोमेनियस यांच्या शाळेत केव्हाच दाखल झालेले होते. आम्ही त्याला नापास केले!

प्रार्थनेचेही तसेच. प्रथम गुडघे टेकणे, हात जोडणे, वर पाहणे. मग छोटीशी प्रार्थना. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सबंध एकदम घोकवून घ्यावयाची नाही. एका वेळी एकच मागणे, ते मुखात रुळले की पुढचे. आणि हे सारे आईबापांच्या स्वतःच्या प्रार्थनेला जोडून. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत आम्ही प्रश्नोत्तरांची जी पेरणी करीत असतो, तिच्याशी वाचकांनी याची तुलना करावी.

वेळापत्रकाविषयी कोमेनियस काय म्हणतात, हे त्यांच्या 'महान शिक्षणशास्त्र' या ग्रंथात सापडले. आईच्या शाळेत पुढच्या शाळांइतका काटेकोर क्रम बांधता येणार नाही, असे ते मोकळेपणाने लिहितात. कारणे अगदी घरगुती: आईबापांना संसाराची कामे असतात, आणि सर्व मुलांची समज एकाच वेळी उमलत नाही. म्हणून त्यांनी दोनच साधने सुचविली. एक, मातांसाठी मार्गदर्शक पुस्तिका, म्हणजेच वर सांगितलेले पुस्तक. दुसरे, मुलांसाठी चित्रांचे पुस्तक. ते त्यांनी १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस पिक्टस' या नावाने प्रसिद्ध केले.

सहा वर्षे भरल्यावर मुलाला शाळेत कसे पाठवावे, हेही त्यांनी सांगितले आहे. शाळेचा बागुलबुवा करू नये. शिक्षकांविषयी गोडीने बोलावे. तो दिवस सणासारखा यावा. 'शाळेत गेलास की टीचर बघतील तुला' हे वाक्य चारशे वर्षांपूर्वीही घरोघर म्हटले जात असावे.

पुढचा इतिहास थोडक्यात. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या विदुषींचे 'गृहशिक्षण' १८८६ साली प्रसिद्ध झाले. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नकोत, मुलाने दिवसाचे बरेच तास उघड्यावर घालवावे. पुढेही धडे छोटेच ठेवावे आणि ऐकलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगावे, हा त्यांचा क्रम. आजची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे घरी शिकविताना तोच चालवितात. पोप अकरावे पायस यांचे शिक्षणविषयक परिपत्रक १९२९ चे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही मुलांचे पहिले शिक्षक आईबापच, हे पुन्हा सांगितले. आपल्याजवळ, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बालवाडी आदिवासींच्या अंगणात नेली. तो धर्माचा उपक्रम नव्हता. पण मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, ही त्यांची रीत कोमेनियस यांनी आनंदाने ओळखली असती.

आता ती वही. आम्ही तिच्यात तास व मिनिटे लिहिली नाहीत. वर्षाची घडी ख्रिस्तसभेच्या कालक्रमावर बसवावी असे सुचविले. ही भर आमची, कोमेनियस यांची नव्हे. वर्ष जूनपासून न मोजता आगमनकाळापासून मोजावे. चार आठवड्यांच्या चार मेणबत्त्या, म्हणजे मोजणी आपसूक आली. गोठा बाजारातून न आणता मुलाने वाडीतून गवत, माती व केळीची सोपटे गोळा करावी. तीन राजांच्या सणापर्यंत ते राजे रोज थोडे थोडे पुढे सरकवावे; 'काल येथे होते, आज येथे आले' हा झाला इतिहास. प्रायश्चित्तकाळात एक बी कुंडीत पुरावे आणि पास्काच्या सणापर्यंत वाट पाहावी. मे महिन्यात मरियेच्या मूर्तीपुढे रोज एक फूल, त्याच्या नावासह. पावसाळ्यात काहीच नको, बेडूक पुरेत. नोव्हेंबरात आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावावी आणि आजोबा कसे होते ते आजीच्याच तोंडून, तिच्याच बोलीत ऐकावे. अक्षरे मुलाने स्वतः मागितली तर द्यावी.

ठरल्याप्रमाणे ती माता आली. वही चाळून म्हणाली, "फादर, यात तर सगळी पाने कोरीच आहेत." खरोखरच आम्ही चारच पाने भरली होती, आगमनकाळाच्या चार आठवड्यांची, बाकीच्यांवर केवळ सणांची नावे. पुढची पाने तिने आणि मुलाने मिळून, चित्रे काढून भरावी असे ठरले आहे. पास्काच्या सणानंतर ती वही आम्हांला दाखवावयास आणणार आहे.