अभंग आणि राजीनामा : ना. वा. टिळकांचे अखेरचे पर्व

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ख्रिस्ती कवितेचा विचार बहुधा ‘देशीकरण’ या एकाच संकल्पनेच्या आधारे केला जातो. आशय परका, छंद देशी, असे समीकरण मांडले की तौलनिक अभ्यासकाचे काम संपल्यासारखे वाटते. या समीकरणात १९१७ साल मात्र बसत नाही. त्या वर्षी टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्येच झाला होता. मग बावीस वर्षांनी हे जणू दुसरे धर्मांतर कशासाठी?

त्याचे उत्तर मिशनच्या अर्थव्यवहारात शोधावे लागते. १८३१ पासून अहमदनगर हे या मिशनचे मोठे केंद्र होते. तेथील नवख्रिस्ती समाजाची शाळा, दवाखाना, वसतिगृह आणि अनेकदा नोकरीही मिशनकडून येई. उपदेशक पगारी, शिक्षक पगारी. श्रद्धा आणि भाकरी एकाच हातून मिळू लागली की श्रद्धेला स्वतःहून काही करण्याचे कारण उरत नाही. टिळकांना खटकलेले निश्चिंत ख्रिस्तीपण या रचनेत होते. व्यक्तींच्या आळसाने त्याचा उलगडा होत नाही. तथापि येथे एक सावधगिरी हवी. महार-मांग समाजातून आलेल्या कुटुंबांना त्या पगाराने आणि शाळेने माणुसकीची पहिली ओळख दिली होती. वेतनाचा त्याग ज्याला शोभून दिसतो त्याच्यापाशी आधीची प्रतिष्ठा असावी लागते. टिळकांपाशी ती होती. त्यांच्या चरित्रकारांनी याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

अभंगाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. वारकरी परंपरेत कीर्तनासाठी द्रव्य घेणे निषिद्ध मानलेले आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची आख्यायिका त्याच नीतीची. टिळक वर्षानुवर्षे भजने रचत होते, कीर्तने करीत होते, तेही मिशनचे वेतन घेऊन. छंद उसना आणता येतो, पण त्याच्याबरोबर गायकाच्या जीवनाविषयीची अटही येते. राजीनामा ही त्या अटीची पूर्तता होती, असे माझे मत आहे.

कोपनहेगनमध्ये १८५४–५५ साली कीर्केगार्दने डॅनिश राजचर्चवर जो हल्ला चढविला त्याच्याशी याची तुलना उद्बोधक ठरते, पण मर्यादेतच. तेथे ख्रिस्ती असणे जन्मानेच प्राप्त होई. निश्चिंतता बहुसंख्येतून आली होती. येथे ती अल्पसंख्येच्या परावलंबनातून आली. शिवाय कीर्केगार्द एकेकट्या व्यक्तीकडे वळला, तर टिळकांनी दरबार भरवला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. चर्चच्या दृष्टीने पगार सोडण्यापेक्षा हेच अधिक अडचणीचे होते.

दरबाराला आयुष्य थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. तिरुप्पत्तूरचा ख्रिस्तकुल आश्रम (१९२१) आणि जॅक विन्स्लो यांचा ख्रिस्त सेवा संघ (१९२२) यांची वाट याच दिशेची होती; १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो हेच.

त्यागाचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाहावा. टिळक देऊन टाकीत तेव्हा घरात काय उरे, हे त्या विनोदाने सांगतात, पण सांगितल्याविना राहत नाहीत. पतीच्या बाप्तिस्म्यानंतरचा दीर्घ दुरावा आणि सोवळ्याशी सावकाश झालेली फारकत यांनंतर, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या निष्ठेला संन्यासाचे वस्त्र नव्हते. टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले. पहिले सुमारे दहा अध्याय टिळकांचे, पुढील ६४ लक्ष्मीबाईंचे. १९३८ मध्ये तो ग्रंथ छापून आला, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.