कानातला घंटानाद आणि झाडीतला ढोल

दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या गावोगाव हिंडू लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. मंडपात नाटक रात्रभर चालते आणि ऑर्गन, तबला, ढोलक वाजविणारे पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. ह्या वादकांचा कान म्हणजे त्यांची शेतीच. ती आतून पाणथळ होऊ लागली तर?

पाणथळ हा शब्द मुद्दाम योजला आहे. अंतःकर्णातील शंखाकृती नळी ऐकण्याचे काम करते आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिका तोल सांभाळण्यास साहाय्य करतात. दोहोंत एकच द्रव खेळतो. तो वाढला की कानात नाद, बहिरेपणा आणि भोवळ अशी तिन्ही संकटे येतात. पूर्वी अशी भोवळ मेंदूचा विकार समजून रोग्याचे रक्त काढीत. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर ह्यांनी जानेवारी १८६१ मध्ये आपला निबंध वाचून मूळ कानात असल्याचे मांडले. पुढल्याच वर्षी ते वारले. मृत रोग्यांच्या कानांत तो द्रवाचा फुगारा प्रत्यक्ष दाखविला गेला तो १९३८ साली.

वादकाला ह्या दुखण्यात आणखी एक शिक्षा आहे. बहुधा आरंभी खालचे स्वर जातात; डग्ग्याचा घुमारा मंदावतो आणि चाटीचा आवाज मात्र बोचू लागतो. कधी एकच स्वर दोन कानांत दोन उंचींवर ऐकू येतो. पेटी सुरात असते, बेसूर होतो तो ऐकणारा! शिवाय दुखणे येऊन-जाऊन असल्यामुळे सोबत्यांना ते सोंग वाटते.

बीथोवनचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या बहिरेपणाचे कारण आजही वादाचे आहे; पण १८२३ साली पूर्ण झालेली त्याची ‘मिस्सा सोलेम्निस’ ही मिस्साची थोर संगीतरचना जवळजवळ बहिऱ्या माणसाची आहे, हे गायकवृंदात गाणाऱ्यांनी विसरू नये. मला मात्र बोहेमियाचा स्मेताना अधिक जवळचा वाटतो. १८७४ साली त्याचे दोन्ही कान गेले. दोन वर्षांनी त्याने चार तंतुवाद्यांसाठी आत्मचरित्रपर रचना केली आणि शेवटच्या भागात कानातला तो छळणारा नादच एका दीर्घ, उंच स्वराच्या रूपाने व्हायोलिनच्या हाती दिला. दुखणे लपविण्याऐवजी त्याने ते स्वरलिपीत मांडले.

आपल्या जंगलमुलखात कानाला आणखी एक वैरी होता, तोही औषधाच्या वेषात. हा हिवतापाचा प्रदेश. सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात येशूसंघीयांनी पेरूहून रोमला आणली. ‘जेझुइटांची साल’ असेच तिचे नाव पडले. १८२० मध्ये तिच्यातून क्विनाइन वेगळे काढले गेले. त्याने असंख्य जीव वाचले; परंतु मात्रा वाढली की कानात घंटा वाजू लागतात आणि ऐकू कमी येते. गंमत अशी की पॅरिसच्याच शार्को नावाच्या वैद्याने मेनिएरच्या भोवळीवर हेच क्विनाइन दिले! युरोपातील बहिऱ्या संगीतकारांची चरित्रे झाली. तापातून उठून पुन्हा ढोल गळ्यात अडकविणाऱ्या माडिया-गोंड वादकाचे चरित्र कोण लिहिणार?

आज संकट आवाजाच्या भिंतीचे आहे. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक ह्यांनी आपल्याला विषाणूच्या आघाताने श्रवण-मज्जातंतूचा बहिरेपणा आल्याचे स्वतःच जाहीर केले आणि मोठ्या आवाजाच्या संगीतापासून, हेडफोनपासून सावध राहण्यास सांगितले. आपल्या सणांच्या मिरवणुकींनाही ते लागू आहे, हे जाता जाता म्हटलेले बरे.

चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याजवळील बाबा आमटे ह्यांच्या आनंदवनात, डॉ. विकास आमटे ह्यांच्या प्रेरणेने २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. कुष्ठमुक्त, अंध, अपंग आणि मूकबधिर कलावंत त्यात एकत्र आले. न ऐकणाऱ्याला ताल कसा मिळतो, असा प्रश्न प्रेक्षकांना पडतो. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बारा वर्षांची होईतो जवळजवळ बहिरी झाली होती. ती अनवाणी वाजविते, कारण खालचे नाद तिला पायांत आणि वरचे चेहऱ्याशी, मानेशी जाणवतात. लाकडी मंचावर ढोलाचा ठोका पडला की फळी थरारते, आणि तो थरार कानाला न विचारता तळव्यांत चढतो.