नाताळचे पुठ्ठ्याचे गाव

१/ १७४१ च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला पेनसिल्व्हेनियातील एका मोरेव्हियन वसाहतीला ‘बेथलेहेम’ हे नाव मिळाले. हे जर्मनभाषक ख्रिस्ती लोक नाताळात शेवाळ आणि लाकडी आकृत्यांनी येशूजन्माचा देखावा मांडत. त्याला ‘पुट्झ’ म्हणत. ‘पुट्झेन’ म्हणजे सजवणे.

२/ पुढे देखाव्याभोवती आख्खे गाव वसू लागले. १९२० च्या दशकाअखेरीपासून त्यासाठीची पुठ्ठ्याची घरे जपानमधून येऊ लागली. भिंती रंगवलेल्या, छपरावर अभ्रकाच्या चुऱ्याचा बर्फ, मागे दिव्यासाठी छिद्र.

३/ अमेरिकेत ती पाच-दहा सेंटांच्या वस्तूंच्या दुकानांत मिळत. त्यामुळे महामंदीतही सामान्य कुटुंबाला आपले गाव हळूहळू वाढवता येई.

४/ १९४१ मध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटले आणि ही आयात थांबली. पराभवानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात गेला. त्या काळातील अनेक निर्यात वस्तूंवर ‘व्याप्त जपानमध्ये निर्मित’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का असे. १९५२ मध्ये ताबा संपला.

५/ या घरांवर रंगवणाऱ्या हातांचे नाव नसे, देशाचे मात्र असे. म्हणून असे जुने घर हाती आले, तर छपराआधी त्याचा तळ पाहावा. शांततेच्या सणासाठी केलेल्या या खेळण्यावर कधीकधी युद्धाचा निकाल छापलेला सापडतो.